हेक्झाडेकेनडायोइक ॲसिड मीडियममध्ये टाकलं की पांढरं का होतं, आणि काय करायचं

पेशी ज्यात वाढवतात त्या मीडियममध्ये हेक्झाडेकेनडायोइक ॲसिडचा स्टॉक, म्हणजे आधी बनवून ठेवलेलं दाट द्रावण, घालणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "स्टॉक स्वच्छ होता, मीडियममध्ये टाकला आणि सगळं दुधाळ झालं." कधी दुधाळ नाही, नुसती धूसर झाक येते. कधी संध्याकाळी सगळं नितळ दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या मध्ये सुया पडलेल्या असतात. मग कोणी ते गाळून वापरतं, कोणी "३७ अंशांवर विरघळेल आपोआप" म्हणून तसंच पेशींवर घालतं, आणि महिन्याभराने तिन्ही प्रयोगांचे आकडे तीन दिशांना गेलेले दिसतात. गढूळपणा नजरेला खटकतो ही त्यातली किरकोळ बाब. खरी अडचण अशी की मीडियम गढूळ झालं त्या क्षणापासून पेशींना किती मात्रा मिळाली हे तुम्हाला सांगता येत नाही. वहीत १०० मायक्रोमोलर लिहिलंय, पण द्रावणात किती राहिलं?

हे संयुग कशासाठी वापरतात ते थोडक्यात, कारण उपाय त्यावर अवलंबून आहेत. पामिटिक ॲसिडची सोळा कार्बनची साखळी घ्या आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या कार्बनचंही कार्बॉक्सिल करा, की झालं हेक्झाडेकेनडायोइक ॲसिड. रेणुभार २८६.४. शरीरात ते ओमेगा ऑक्सिडेशनने तयार होतं: सीवायपी४ए आणि सीवायपी४एफ कुळातली विकरं मेदाम्लाच्या शेपटीवर हायड्रॉक्सिल बसवतात, मग अल्कोहोल आणि अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज त्याचं कार्बॉक्सिल करतात. पुढे पेशीतल्या पेरॉक्सिझोम या कप्प्यात ही साखळी दोन-दोन कार्बनने तोकडी होत जाते आणि शेवटी सुबेरिक, ॲडिपिक असे छोटे डायॲसिड (दोन्ही टोकांना कार्बॉक्सिल असलेली ॲसिडं) लघवीतून बाहेर पडतात. नेदरलँड्समध्ये फेरकाडे आणि सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात लघवीतल्या अशा डायॲसिडवरूनच हा मार्ग ओळखला. एरवी हा आडरस्ता. उपासमारीत किंवा बीटा ऑक्सिडेशन, म्हणजे मेदाम्लं जाळण्याचा नेहमीचा मार्ग, बिघडवणाऱ्या एमकॅडसारख्या आनुवंशिक दोषात मात्र त्यावर रहदारी वाढते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून रक्तातल्या हेक्झाडेकेनडायोएटचा रक्तदाबाशी संबंध पुढे आला, आणि यकृतातल्या ओएटीपी१बी१ या वाहकाचं काम औषधाने अडतंय का हे पाहायला चौदा आणि सोळा कार्बनचे डायॲसिड खूण म्हणून वापरले जाऊ लागले. त्यामुळे हल्ली अनेक प्रयोगशाळांत ही बाटली दिसते, आणि बाटलीमागोमाग तक्रारही.

माझं मत स्पष्ट आहे: ही तक्रार बहुतांश वेळा पामिटेटची (पामिटिक ॲसिडच्या लवणाची) प्रक्रिया जशीच्या तशी उचलल्यामुळे येते. प्रयोगशाळेत पामिटेटचा कागद आधीच असतो. त्यातलं नाव बदललं, वजन बदललं, बाकी सगळं तेच ठेवलं. पण दुसरा कार्बॉक्सिल आला की तीन गोष्टी बदलतात: स्फटिक होण्याची ओढ, लागणाऱ्या अल्कलीचं प्रमाण आणि अल्ब्युमिनशी (रक्तात मेदाम्लं वाहणाऱ्या प्रथिनाशी) असलेलं नातं. पामिटिक ॲसिड ६३ अंशांच्या आसपास वितळतं. हे १२० च्या पुढे जातं, कारण रेणू दोन्ही टोकांनी शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो. म्हणजे एकदा स्फटिक झाला की ३७ अंशांचा इन्क्युबेटर त्याला फारसं काही करू शकत नाही.

पहिल्यांदा निदान करा, उपाय नंतर

गढूळ झालेली नळी लगेच फेकू नका. तीच सगळ्यात जास्त सांगते. तीन छोट्या नळ्यांत प्रत्येकी १ मिलिलिटर गढूळ मीडियम घ्या. चौथ्या नळीत फक्त द्रावक घातलेलं मीडियम, म्हणजे ॲसिड नाही, बाकी सगळं सारखं. ही चौथी नळी लोक वगळतात आणि मग फसतात. डीएमईएम या नेहमीच्या मीडियमची बाटली बराच वेळ उघडी राहिली तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो, मीडियम जांभळट गुलाबी होतं आणि कॅल्शियम फॉस्फेट आपोआप खाली बसू शकतं. त्यात तुमच्या ॲसिडचा काही दोष नसतो.

पहिली नळी ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवा. नितळ झाली आणि थंड झाल्यावर पुन्हा गढूळ झाली तर मर्यादेपेक्षा जास्त ॲसिड घातलं आहे. नितळ होऊन नितळच राहिली तर मात्रा चालण्यासारखी आहे, मिसळण्याची पद्धत चुकली.

दुसरी नळी सेंट्रिफ्यूज करा, वरचं मीडियम काढून टाका आणि तळाच्या पांढऱ्या थरावर थोडं ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून कोमट करा. विरघळलं तर तो मोकळ्या ॲसिडचा साका. कॅल्शियमचा साबण किंवा कॅल्शियम फॉस्फेट अल्कलीत असा विरघळणार नाही.

तिसऱ्या नळीत पीएच ८ ला आणलेलं, कॅल्शियम पकडणारं ०.५ मोलर ईडीटीए १० मायक्रोलिटर घाला. म्हणजे ५ मिलिमोलर झालं. डीएमईएममध्ये कॅल्शियम १.८ आणि मॅग्नेशियम ०.८ मिलिमोलर असतं, तेव्हा एवढं पुरतं. हळूहळू नितळ व्हायला लागलं तर गुन्हेगार कॅल्शियम आहे. रंगावर लक्ष ठेवा: ईडीटीए कॅल्शियमला धरताना प्रोटॉन सोडतं, मीडियम पिवळसर झालं तर आम्लतेमुळे मोकळं ॲसिड बाहेर पडून निदान उलटंच दिसेल. आणि ही नळी चाचणीपुरतीच आहे. ईडीटीए घालून पेशींवर टाकण्याचा "उपाय" एका विद्यार्थ्याने सुचवला होता. पेशी प्लेटवरून सुटून तरंगायला लागतील, एवढंच त्यातून होईल.

एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीही पाहा. मोकळ्या ॲसिडचे स्फटिक सुया किंवा पातळ चकत्यांसारखे, कडा धारदार. ध्रुवण गाळण्या दोन्ही बाजूंना लावता आल्या तर ते अंधारात चमकतात. महागडा सूक्ष्मदर्शक नसला तर जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवण फिल्म काढून काम भागतं. अल्ब्युमिनचे गोळे मात्र धाग्यांसारखे, मऊ, आणि चमकत नाहीत. बुरशी आहे का अशी शंका आली तर काही तासांनी पुन्हा बघा. बुरशीला फांद्या फुटतात, स्फटिकाला नाही.

मोकळं ॲसिड बाहेर पडत असेल तर

सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. गंमत अशी की पीएच ७.४ ला दोन्ही कार्बॉक्सिल आयनित झाल्यावर हे संयुग पाण्यात पामिटेटपेक्षा सुखाने राहतं. दोन्ही टोकांना ऋण भार, त्यामुळे पाण्याशी जमतं. मग खाली का बसतं? कारण डीएमएसओ या द्रावकातल्या स्टॉकमध्ये ते पूर्ण प्रोटॉनयुक्त अवस्थेत असतं. पिपेटच्या टोकाशी, त्या एका बिंदूवर, क्षणभर प्रचंड संहती होते. पाणी लागताच रेणू एकमेकांना चिकटतात, आणि प्रोटॉन सोडून आयनित व्हायच्या आत स्फटिकाची सुरुवात होऊन जाते. नंतर समतोल विद्राव्यतेच्या बाजूने असला तरी स्फटिक विरघळायला दिवस घेतो. म्हणूनच एकच मात्रा एकाच्या हातात नितळ राहते आणि दुसऱ्याच्या हातात नाही. हात वेगळा म्हणजे घालण्याचा वेग वेगळा, मीडियमचं तापमान वेगळं, ढवळणं वेगळं.

डीएमएसओनेच काम करायचं असेल तर मीडियम आधी ३७ अंशांवर आणा. फ्रीजमधून काढून थेट वापरू नका. ५० मिलिमोलर स्टॉक, म्हणजे मिलिलिटरला १४.३ मिलिग्रॅम, १:५०० ने घातला की १०० मायक्रोमोलर मिळतं आणि डीएमएसओ ०.२ टक्क्यांवर राहतो. पण तो सगळ्या मीडियममध्ये एकदम ओतायचा नाही. अल्ब्युमिन किंवा सीरम असलेल्या थोड्या कोमट मीडियममध्ये, नळी फिरती ठेवून, थेंबाथेंबाने घालायचा आणि मग ते उरलेल्या मीडियममध्ये मिसळायचं. पिपेटचं टोक द्रावणाच्या आत हवं. वरून पडलेला थेंब पृष्ठभागावर पसरतो आणि तिथेच पापुद्रा धरतो.

स्टॉकही तपासा. डीएमएसओ साडेअठरा अंशांखाली गोठतो. फ्रीजमधून काढलेला स्टॉक वितळला की वरवर द्रव दिसतो पण तळाशी ॲसिडचे कण राहतात. वरचं घेणाऱ्याला कमी मात्रा मिळते आणि शेवटचं घेणाऱ्याला जास्त. ४० अंशांवर पूर्ण नितळ होईपर्यंत व्हॉर्टेक्स करा, आणि नळी दिव्यासमोर धरून बघा. दुसरं म्हणजे डीएमएसओ हवेतली वाफ ओढून घेतो. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबरमध्ये रोज उघडझाप होणारी डीएमएसओची बाटली कितीतरी पाणी पिऊन बसते, आणि पाणी मिसळलेल्या डीएमएसओत या ॲसिडची विद्राव्यता घसरते. "एप्रिलमध्ये चालत होतं, ऑगस्टमध्ये चालत नाही" अशी तक्रार आली की मी आधी बाटलीचं झाकण विचारते. छोट्या सीलबंद कुप्या घ्या, उघडली ती त्या आठवड्यात संपवा.

इथेनॉलचा स्टॉक सोपा वाटतो पण त्याचे दोन दुर्गुण आहेत. उघड्या नळीतून इथेनॉल उडतं आणि संहती वाढत जाते, हा एक. दुसरा जास्त छुपा: कार्बॉक्सिलिक ॲसिड अल्कोहोलमध्ये बराच काळ ठेवलं, त्यात थोडी आम्लता असली, की हळूहळू एस्टर होतं. एक टोक एस्टर झालेलं हेक्झाडेकेनडायोएट म्हणजे वेगळंच संयुग. पेशींवरही वेगळं वागतं, मास स्पेक्ट्रोमीटरवरही. इथेनॉल वापरायचंच तर ताजं बनवा.

कॅल्शियम असेल तर

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट पांढरा साका बसतो, तेच इथे घडतं. फरक इतकाच की इथे रेणूच्या दोन्ही टोकांना कॅल्शियम पकडता येतं, त्यामुळे जाळं सहज विणलं जातं. याची खूण म्हणजे वेळ. मोकळं ॲसिड घालताक्षणी दिसतं, कॅल्शियमची झाक तासांनी येते, बहुधा रात्रीतून. खात्री करायला तेच द्रावण कॅल्शियम नसलेल्या पीबीएस या फॉस्फेट बफरमध्ये करून बघा. तिथे नितळ आणि डीएमईएममध्ये गढूळ असेल तर प्रश्न सुटला. आरपीएमआय १६४० या दुसऱ्या मीडियममध्ये कॅल्शियम ०.४ मिलिमोलरच्या आसपास असतं, म्हणून त्यात काम करणाऱ्या शेजारच्या टीमला "काहीच त्रास नाही" आणि तुम्हाला आहे, असं होऊ शकतं.

उपाय कॅल्शियम काढणं हा नव्हे. यकृतपेशींना ते लागतं. उपाय म्हणजे मोकळ्या डायॲनायनची (दोन ऋण भारांच्या रूपाची) पातळी खाली ठेवणं: अल्ब्युमिन पुरेसं ठेवा आणि मात्रा कमी करा. इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते. पामिटेटच्या लिपोटॉक्सिसिटी (मेदाच्या विषारी परिणामाच्या) प्रयोगात २००, ४००, ५०० मायक्रोमोलर अशा मात्रा रुळलेल्या आहेत, कारण रक्तात मोकळी मेदाम्लं त्या पातळीवर सापडतात. हेक्झाडेकेनडायोएट निरोगी माणसाच्या रक्तात त्याच्या जवळपासही नसतं. ५०० मायक्रोमोलर घालून काही दिसलं, तर ते डायॲसिडच्या जैवरसायनाबद्दल सांगतंय की साबणाच्या त्रासाबद्दल, हे कोण ठरवणार? कित्येकदा गढूळपणाचं खरं औषध मात्रेची रेघ १० किंवा २५ मायक्रोमोलरपासून सुरू करणं हेच असतं. मार्गदर्शक कुरकुर करतील. करू द्या.

अल्ब्युमिनशी जोडून घेणं

मला विचाराल तर पेशींच्या कामासाठी हीच पद्धत धरावी आणि डीएमएसओ सोडून द्यावा. पण इथेच पामिटेटचा कागद सगळ्यात जास्त घात करतो. पामिटेटला एक समतुल्य, म्हणजे रेणूमागे एक, अल्कली लागते. याला दोन. एकच घातली तर अर्ध्याच टोकांचं लवण होतं, आणि हे अर्धवट आम्ल साबण कोमट पाण्यातही नीट विरघळत नाहीत. "७० अंशांवर तासभर ठेवलं तरी तुकडे दिसतात" ही तक्रार आली की पहिला प्रश्न: अल्कली किती घातली?

२८.६ मिलिग्रॅम ॲसिड म्हणजे ०.१ मिलिमोल. त्याला ०.२ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड हवं, म्हणजे ०.१ नॉर्मलचे २ मिलिलिटर, आणि थोडं जास्त म्हणून २.१ घ्या. पाणी घालून एकूण ५ मिलिलिटर करा, काचेच्या नळीत ७० अंशांवर अधूनमधून हलवत पूर्ण नितळ होऊ द्या. हा २० मिलिमोलर साबण झाला. अल्कलीची बाटली जुनी असेल तर ती हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन कमजोर झालेली असते. ताजी बनवा किंवा तपासून घ्या, नाहीतर दोन समतुल्य म्हणून दीडच पडतील.

दुसऱ्या बाजूला मेदाम्लरहित बीएसएचं (गाईच्या अल्ब्युमिनचं) १० टक्के द्रावण १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये बनवा, आधीच ०.२२ मायक्रॉन गाळणीतून काढून ठेवा, आणि ३७ ते ४० अंशांवर आणा. साधं फ्रॅक्शन ५ बीएसए चालणार नाही. त्याच्या खिशांत आधीच मेदाम्लं बसलेली असतात. आता ९ मिलिलिटर बीएसए मंद ढवळत असताना १ मिलिलिटर गरम साबण थेंबाथेंबाने सोडा. साबण थंड होऊ देऊ नका, पिपेटचं टोकही कोमट असलेलं बरं. बीएसएला ६० अंशांकडे नेऊ नका, ते उलगडतं आणि मग धाग्यांसारखे गोळे दिसतात, ज्यांना लोक ॲसिडचा साका समजतात. तासभर ३७ अंशांवर ढवळत ठेवा, पीएच ७.४ ला आणा. ॲसिड २ मिलिमोलर, बीएसए १.३५ मिलिमोलर, म्हणजे गुणोत्तर दीडास एक. मीडियममध्ये १:२० ने घातलं की १०० मायक्रोमोलर, १:१० ने २००.

दीडास एकच का, चार किंवा सहास एक का नाही? पामिटेटला अल्ब्युमिनवर घट्ट बसण्याच्या जागा अनेक आहेत. डायॲसिडचं तसं नाही. खिसा तेलकट, आणि त्याच्या खोल टोकाला दुसरा ऋण भार घेऊन जायचं म्हणजे रेणूला अवघड जागी बसणं. साखळी जितकी आखूड तितकी पकड सैल: बारा कार्बनचं डायॲसिड सोळावाल्यापेक्षा बरंच सैल बसतं. त्यामुळे पामिटेटच्या गुणोत्तराने बनवलं तर मोकळा हिस्सा पामिटेटपेक्षा वेगळाच राहतो, आणि दोन्हींची तुलना करणारा तुमचा आलेख सरळ राहत नाही.

इथे थोडं विषयांतर, कारण हा प्रश्न दर वेळी येतो: "मग औषधांत तर हेच डायॲसिड अल्ब्युमिनला चिकटण्यासाठी लावतात ना?" बरोबर. इन्सुलिन डेग्लुडेकला सोळा कार्बनचं डायॲसिड जोडलेलं असतं, सेमाग्लुटाइडला अठराचं, टिरझेपाटाइडला विसाचं. सेमाग्लुटाइडचं अर्धआयुष्य आठवडाभराचं आहे, तर सोळा कार्बनचं साधं मेदाम्ल लावलेल्या लिराग्लुटाइडचं तेरा तासांच्या आसपास. पण या औषधांत डायॲसिडचं एक टोक अमाइड बंधाने औषधाशी बांधलेलं असतं. मोकळं कार्बॉक्सिल एकच उरतं, आणि अल्ब्युमिनला ते मेदाम्लाच्या डोक्यासारखं दिसतं. तुमच्या नळीतल्या रेणूची दोन्ही टोकं मोकळी आहेत. त्या औषधांवरून इथल्या पकडीचा अंदाज बांधू नका.

गुणोत्तराइतकंच नियंत्रणाचं महत्त्व आहे. नियंत्रण नळीत तेच बीएसए, तेवढीच अल्कली, तेच तापमान, तीच पातळ करण्याची पायरी. नुसतं मीडियम हे नियंत्रण नव्हे. आणि मीडियममध्ये १० टक्के सीरमही असेल तर लक्षात घ्या, त्यातून आणखी ३० ते ४० मायक्रोमोलर अल्ब्युमिन येतं आणि त्याच्यासोबत त्याची स्वतःची मेदाम्लं येतात.

जोडलेलं द्रावण छोट्या भागांत उणे २० अंशांवर ठेवा. वितळवल्यावर ३७ अंशांवर वीस मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज करून तळ बघा. तळाशी काही दिसलं तर तो भाग टाकून द्या, हलवून वापरू नका.

गाळून नितळ केलं, मग काय बिघडलं?

सगळं. गाळणीने मीडियम नितळ केलं म्हणजे साका गाळणीवर राहिला आणि वहीतला आकडा खोटा ठरला. निर्जंतुक करायचं असेल तर बीएसए आधी गाळा आणि साबण स्वच्छ काचेत गरम करून बनवा. किंवा शेवटी गाळलंच, तर गाळल्यानंतरची संहती मोजा. मोजायला मोकळ्या मेदाम्लांचा रंगमापी किट हाताशी असतो, पण तो एकटोकी मेदाम्लांसाठी बनवलेला आहे. त्यातलं विकर डायॲसिडला त्याच दराने सक्रिय करेल असं गृहीत धरू नका. याच डायॲसिडची प्रमाणरेषा काढल्याशिवाय त्याचा आकडा वापरू नये. प्रथिनरहित द्रावण पातळ करून प्लास्टिकच्या नळीत ठेवलं तर थोडा भाग भिंतीलाही चिकटतो. काच वापरा.

एलसी-एमएस (क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर) असेल तर उत्तम. ऋण आयनात २८५.२ ला शिखर दिसतं, आणि दोन्ही प्रोटॉन गेलेला आयन १४२.१ ला. स्रोताची परिस्थिती बदलली की दोन शिखरांमधली वाटणी बदलते, तेव्हा एकावरच विसंबून दिवसादिवसांची तुलना करू नका. मिथेनॉलचं मात्र भान ठेवा. मिथेनॉलमध्ये राहिलेल्या नमुन्यात एका टोकाचं मिथाइल एस्टर झालं तर त्याचं रेणुसूत्र सतरा कार्बनच्या डायॲसिडशी तंतोतंत जुळतं. सतराचं डायॲसिड तुम्ही अंतर्गत मानक म्हणून घातलं असेल तर ते वाढल्यासारखं दिसेल आणि तुमचं सोळावालं दोन्हीकडून कमी निघेल. ड्युटेरियमयुक्त सोळाचंच मानक घेतलेलं केव्हाही बरं.

नितळ आहे, पण पेशी काहीच करत नाहीत

ही तक्रार उलट बाजूची. पामिटिक ॲसिड प्रोटॉनयुक्त रूपात पटलातून आरपार जाऊ शकतं. दोन ऋण भारांचा रेणू तसा जात नाही, त्याला वाहक लागतो. ओएटीपी१बी१ खऱ्या यकृतपेशींत भरपूर, हेपजी२ या यकृताच्या कर्करोगाच्या पेशीवंशात फारच कमी. तेव्हा हेपजी२ मध्ये परिणाम दिसला नाही यावरून संयुग निष्क्रिय ठरत नाही. आत गेल्यावर सीओएशी (कोएन्झाइम ए) जोडणारं विकर हवं, आणि पेरॉक्सिझोमच्या दारावर एबीसीडी३ हा वाहक. बेम्पेडोइक ॲसिड हे औषधही लांब साखळीचं डायॲसिडच आहे, अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते यकृतातल्या एसीएसव्हीएल१ ने सक्रिय होतं, स्नायूंत ते विकर नसल्याने तिथे होत नाही. पेशी निवडताना हाच विचार करा.

काही जण यावर तोडगा म्हणून डायमिथाइल एस्टर घालतात. ते आत जातं, पण पेशीतली एस्टरेज ते किती वेगाने तोडतात हे आधी मोजावं लागतं, आणि एक टोक तुटलेला मधला टप्पा स्वतःच काही करत नाही ना हेही. एवढं न करता काढलेला निष्कर्ष मी तरी मान्य करणार नाही.

आणि मेडिका १६ ची बाटली जवळ असेल तर ती हेक्झाडेकेनडायोइकची जागा घेऊ शकत नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात जेकब बार-ताना यांच्या गटाने अभ्यासलेलं हे संयुगही सोळा कार्बनचंच आहे, पण दोन्ही टोकांकडच्या बीटा कार्बनवर दोन-दोन मिथाइल गट आहेत. त्यामुळे बीटा ऑक्सिडेशन अडतं. रेणू जळत नाही, सीओएशी जोडला जाऊन तसाच राहतो आणि मेदनिर्मितीच्या वाटेवर, विशेषतः एटीपी सायट्रेट लायेजवर, काम करतो. पेरॉक्सिझोममधलं ज्वलन मोजायचंय तिथे ते घातलं तर काहीच हाती लागणार नाही. मेदनिर्मिती रोखायची आहे तिथे साधं हेक्झाडेकेनडायोइक तोकडं व्हायला लागेल.

बाटलीबद्दल शेवटचं. लांब साखळीचे डायॲसिड कारखान्यांत कँडिडा ट्रॉपिकॅलिस या यीस्टच्या किण्वनाने मोठ्या प्रमाणावर बनतात, नायलॉन आणि इतर बहुवारिकांसाठी. त्या दर्जाच्या मालात चौदा, अठरा कार्बनचे भाऊबंद आणि अर्धवट ऑक्सिडेशन झालेलं १६-हायड्रॉक्सी ॲसिड मिसळलेलं असू शकतं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं असेल तर केशनळीत वितळबिंदू बघा. तो तीन-चार अंशांत पसरलेला असेल तर प्रयोगाला नको. ऑर्डर देताना नावापेक्षा रेणुभार जुळवा: २८६.४ हवंय, २५६.४ आलं तर ते पामिटिक आहे. आणि अठरा कार्बनचं डायॲसिड मागवताना ३१४.५ आहे ना हे बघा, नाहीतर सारख्या दिसणाऱ्या नावामुळे (ऑक्टाडेकाडायेनोइक) २८०.४ चं लिनोलेइक येऊन पडेल.

इतकं करूनही पांढरंच होत असेल, तर मदत मागताना "विरघळत नाही" एवढंच लिहू नका. मीडियम कोणतं, सीरम किती, स्टॉक कशात आणि केव्हा बनवला, अल्कलीचे समतुल्य किती, बीएसए कोणत्या प्रकारचं आणि गुणोत्तर काय, गढूळपणा घालताक्षणी आला की रात्रीतून, आणि वरच्या तीन नळ्यांपैकी कोणती नितळ झाली. यातली शेवटची दोन उत्तरं असतील तर बाकीचं बहुधा विचारावंही लागत नाही.